धमकी आणि धोका



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "शाळेतील हिंसा" असे उत्तर दिले, आणि ते जरा गोंधळले. हमालीच्या दरांवर किंवा माथाडी कायद्यावर मी बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी, आणि ती रास्तच होती. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते बाजार समितीच्या आवारात, पोत्यांच्या थप्पीला टेकून. शिक्षणशास्त्रावर बोलण्याचा अधिकार मजजवळ नाही. परंतु तीस वर्षे माणसांची भांडणे सोडविण्यात गेली आहेत, आणि भांडण पेटण्यापूर्वी काय होत असते हे थोडेफार कळू लागले आहे. तेवढ्याच भांडवलावर आज उभा आहे.

हळदीच्या हंगामात आपल्या आवारात रोज कोणी ना कोणी कोणाला "उद्या बघून घेतो" असे बजावीत असतो. नवा कार्यकर्ता हे ऐकून धावत येतो. जुना मुकादम मात्र चहा पीत बसून राहतो. त्याला ठाऊक असते की ओरडणारा गडी संध्याकाळी त्याच माणसाकडे विडी मागणार आहे. मुकादमाचे लक्ष निराळ्याच माणसावर असते. परवापर्यंत जो टोळीबरोबर डबा खात होता आणि आता एकटा कोपऱ्यात बसतो, ज्याने उधारी एकदम फेडून टाकली, ज्याने बोलणेच सोडले, त्याच्यावर. धमकी देणे निराळे आणि धोका असणे निराळे. हमालांच्या टोळीत जे ज्ञान फुकट मिळते तेच साता समुद्रापलीकडच्या विद्वानांना फार मोठी किंमत देऊन मिळवावे लागले. ती हकीकत मी पुढे सांगणारच आहे. पण आधी आपल्या घरचा इतिहास पाहू.

आपल्याकडे शाळा आणि मार यांचे नाते फार जुने. पंतोजीच्या शाळेपासून छडी हीच शिक्षणाची निशाणी होती, आणि अंगठे धरून उभे राहिल्याशिवाय धुळाक्षरे पक्की होत नाहीत असा पालकांचाही विश्वास होता. माझ्या वडिलांनी मला शाळेत घातले तेव्हा गुरुजींना सांगितलेले वाक्य आपल्यापैकी अनेकांच्या वडिलांनीही सांगितले असेल: "हाडे आमची, कातडे तुमचे." त्यावर फार वेळ घालवीत नाही. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. ज्या शाळेत मोठा लहानाला मारतो आणि त्याला वळण म्हणतात, त्या शाळेत दांडगा मुलगा दुबळ्याला मारतो तेव्हा तो शाळेचाच धडा गिरवीत असतो.

आणि मार नेहमी हातानेच दिला जातो असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेची आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात निराळे बसावयाचे, ते घरून आणलेल्या तरटावर. तहान लागली तर नळाला हात लावावयाचा नाही. शिपायाने नळ सोडला तरच पाणी. शिपाई आला नाही त्या दिवशी घसा कोरडा. त्या शाळेत त्या दिवशी कोणी कोणाला मारले अशी नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. पण रोज एका मुलाला तहानलेले ठेवणे याला हिंसा म्हणावयाचे नाही तर काय म्हणावयाचे? हा शिपाई आपण लक्षात ठेवावा. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

आता मराठवाड्याकडे वळतो. १९३८ साली औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील मुलांनी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणण्यास सुरुवात केली. निजाम सरकारला त्यात मोठा धोका दिसला. बंदी आली, मुलांनी मानली नाही. तेव्हा त्यांना वसतिगृहातून आणि कॉलेजातून काढून टाकण्यात आले. लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेले आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावे पटावरून उडाली. सरकारने हिशेब असा केला की नाव कमी केले म्हणजे प्रश्न मिटला. तो हिशेब चुकला. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या मुलांना आपल्याकडे प्रवेश दिला. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही त्या नागपूरला गेलेल्यांपैकीच. आणि काढलेल्या मुलांपैकी कितीतरी जण दहा वर्षांनी, १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले त्या लढ्यात उभे होते.

आपण या घटनेचा अभिमान बाळगतो, तो योग्यच आहे. पण आजच्या विषयापुरते मी तिच्याकडे दुसऱ्या बाजूने पाहतो. सत्तेला न आवडणारे आणि खरोखर धोक्याचे यांतला फरक ज्याला कळत नाही, तो गाणाऱ्या मुलाला हाकलतो. हा दोष निजामाबरोबर गेला असे मानण्याचे कारण नाही. आजही उर्मटपणाने बोलणारा मुलगा मुख्याध्यापकांपुढे तासात उभा केला जातो, आणि महिनाभर मान खाली घालून बसलेला मुलगा "शांत आहे, गुणी आहे" या शेऱ्याखाली सुटून जातो.

याउलट एक माणूस आपल्याच भाषेत होऊन गेला की ज्याने मुलांकडे पाहण्याची निराळी रीत दाखविली. साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले. १९३० साली सत्याग्रहात पडेपर्यंत, म्हणजे उणीपुरी सहा वर्षे, त्यांनी ते पाहिले. 'श्यामची आई'चे लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो आणि डोळे पुसतो; पण त्या सहा वर्षांत त्यांनी काय केले ते डोळे पुसून झाल्यावर पाहण्यासारखे आहे. मुलांची अंथरुणे त्यांनी गुंडाळली, खोल्या झाडल्या, आजारी मुलांचे कपडे धुतले. 'छात्रालय' नावाचे दैनिक ते हाताने लिहून काढीत आणि मुलांसाठी लावून ठेवीत. लोक याला गुरुजींचा मोठेपणा म्हणतात. मी याला पद्धत म्हणतो. जो माणूस रोज अंथरूण गुंडाळतो त्याला कोणते अंथरूण रात्री ओले झाले हे कळते. जो खोली झाडतो त्याला कोणाच्या पेटीचे कुलूप फोडले गेले हे कळते. कोण जेवला नाही, कोणाला घरून पत्र आले नाही, कोणाला इतर मुले टाळतात, ही माहिती तक्रारवहीत येत नाही. ती केरात सापडते. पुढे गुरुजी खानदेशातील गिरणीकामगारांत आणि शेतकऱ्यांत काम करू लागले, म्हणून ते आम्हा चळवळीच्या लोकांना जवळचे. पण माझ्या मते त्यांचे सगळ्यात शहाणपणाचे काम ते झाडूचेच.

आता परदेशाकडे जाऊ. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेच्या उत्तर भागात दहा ते चौदा वर्षे वयाच्या तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे कारण असावे असे दिसले. तो देश हलला. १९८३ साली सरकारने देशभर मोहीम काढली, आणि डॅन ओल्व्हेयस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने बर्गेन शहराच्या ४२ शाळांतील सुमारे अडीच हजार मुलांवर दोन-अडीच वर्षे लक्ष ठेवले. उपाय साधेच होते. मधल्या सुट्टीत मोठ्या माणसांनी मैदानावर असावयाचे, वर्गाने स्वतःचे नियम करावयाचे, छळणाऱ्याशी आणि छळ झालेल्याशी वेगवेगळे बोलावयाचे, आईबापांना बोलवावयाचे. छळाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. मैदानावर उभे राहण्याने निम्मा छळ थांबतो ही गोष्ट मला कोणत्याही ग्रंथापेक्षा मोठी वाटते.

दुसरी हकीकत अमेरिकेची. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो संस्थानातील कोलंबाइन येथील हायस्कुलात त्याच शाळेच्या दोन मुलांनी बंदुका चालविल्या. बारा विद्यार्थी आणि एक शिक्षक ठार झाले, आणि त्या दोघांनी स्वतःलाही संपविले. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो त्यानंतर अकराच दिवसांनी, १ मे रोजी; तेव्हा येथे गुलाल उधळला जात होता, आणि ती बातमी आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचली असेल. त्यानंतर त्यांच्या राष्ट्राध्यक्षांचे रक्षण करणारे खाते आणि शिक्षण खाते यांनी मिळून १९७४ ते २००० या काळातील शाळांवरचे ३७ हल्ले आणि ते करणारी ४१ मुले यांचा अभ्यास केला. २००२ साली अहवाल आला. मारेकऱ्याचा एखादा नमुना असतो काय: असा चेहरा, असे घर, असे गुण? तसा नमुना मिळाला नाही. कोणी हुशार होता, कोणी नापास. कोणी एकलकोंडा, कोणी दोस्तांत रमणारा. मिळाले ते निराळेच. १०० पैकी ८१ प्रसंगांत हल्ल्यापूर्वी निदान एका माणसाला बेत ठाऊक होता, आणि तो बहुधा वर्गातलाच सोबती होता. १०० पैकी ९३ मुलांच्या वागण्याने आधी कोणाच्या तरी मनात काळजी उत्पन्न केली होती. सुमारे ७१ मुलांना आपला छळ झाला असे वाटत होते. आणि ज्याच्यावर हल्ला करावयाचा त्याला तोंडावर धमकी देणारे होते १०० पैकी फक्त १७.

म्हणजे पहा, आमच्या मुकादमाचे म्हणणे खरे ठरले.

यावरून तिकडे एक रीत निघाली. मुलाने काही भयंकर लिहिले वा बोलले तर ताबडतोब हाकलावयाचे नाही आणि हसून सोडावयाचेही नाही. मुख्याध्यापक, एक समुपदेशक, गरज पडल्यास पोलीस, अशा चारपाच माणसांनी बसून विचारावयाचे: हा रागाच्या भरातला शब्द आहे की यामागे बेत आहे? बेत असेल तर साधन जमविले आहे काय? मुलाला कशाने इतके पेटविले? आणि उत्तर काहीही आले तरी त्या मुलाचा हात सोडावयाचा नाही. व्हर्जिनिया संस्थानात ड्युई कॉर्नेल या प्राध्यापकाने ३५ शाळांत ही रीत वापरून पाहिली. १८८ धमक्यांची चौकशी झाली. त्यांतल्या सुमारे ७० टक्के क्षणिक रागाच्या निघाल्या आणि समज देऊन, माफी मागून मिटल्या. कायमचे काढावे लागले ते फक्त तीन विद्यार्थी.

बंदुका तिकडे दुकानात मिळतात, आपल्याकडे तसे नाही, तेव्हा आपल्याला याचे काय, असे कोणी म्हणेल. त्यांना मी खर्ड्याला नेतो. खर्डा म्हटले की आपल्याला १७९५ ची निजाम-मराठ्यांची लढाई आठवते. त्याच गावात, जामखेड तालुक्यात, २८ एप्रिल २०१४ रोजी सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा जीव गेला. सवर्ण मुलीशी बोलतो या रागावरून त्याला शाळेच्या आवारात मारहाण झाली, तेथून नेऊन ठार मारले आणि झाडाला लटकावले, अशी फिर्याद होती. खटला चालला, साक्षीदार एकामागून एक उलटले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. कोणी मारले हे न्यायालयात सिद्ध झाले नाही, तेव्हा त्याविषयी मी बोलणार नाही. मूल मेले एवढे मात्र निर्विवाद आहे. मला छळतो तो एकच विचार. गावातील असा राग एका सकाळी आभाळातून पडत नाही. तो पारावर बोलला जातो, वर्गाच्या मागच्या बाकावर कुजबुजला जातो. शंभरांपैकी ८१ हा आकडा अमेरिकेचा आहे. आपल्याकडे कोणी मोजले तर तो कमी भरेल असे मला वाटत नाही. ज्यांना कुणकुण लागते त्यांनी बोलावे कोणाजवळ, हा प्रश्न आहे. आणि बोलल्यावर त्यांना सांभाळणार कोण?

कायदे आपल्याकडे कमी नाहीत. महाविद्यालयांतील छळ रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९९९ सालीच रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात तक्रार आल्यावर सात दिवसांत चौकशी करण्याचे बंधन संस्थेच्या प्रमुखावर आहे, आणि त्याने डोळेझाक केली तर तोही गुन्ह्याला साहाय्य करणारा ठरतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारण्यास आणि मानसिक छळास बंदी घातली, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येणार नाही असे ठरविले. २०१७ साली शाळाशाळांतून तक्रारपेट्या लावण्याचा शासनाचा आदेश निघाला. मार्च २०२२ मध्ये 'सखी सावित्री' समित्या नेमण्याचा आदेश झाला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, लोक रेल्वे रुळांवर उतरले, तेव्हा कोठे विचारणा सुरू झाली की या समित्या किती शाळांत आहेत. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कागद आणि माणूस यांतले अंतर आपल्याकडे नेहमी असे एखाद्या लेकराच्या जिवावर मोजले जाते.

आता एक माझ्या पदरची गोष्ट सांगतो, आणि ती माझ्या बढाईची नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या टोळीतील एका हमालाचा मुलगा नववीत होता. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन मुलांची नावे आणि "डोके फोडणार" असे लिहिलेले वर्गशिक्षकांना सापडले. शाळेने बापाला बोलावून सांगितले, "दाखला घेऊन जा." बाप माझ्याकडे आला. मी शाळेत गेलो आणि सवयीने विचारले, "आरोपपत्र कोठे आहे?" मुख्याध्यापक हसले. पण यात हसण्यासारखे काय आहे? कारखान्यातल्या कामगाराला काढावयाचे तर १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याने त्याच्यावरचा आरोप त्याला सांगावा लागे, त्याचे म्हणणे ऐकावे लागे. १९४७ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांत मालक आणि कामगार यांची समिती एकत्र बसू लागली, ती कुरबुर लहान असतानाच निस्तरता यावी म्हणून. हे जुने कायदे आता नव्या संहितेत गेले, पण सोळा वर्षांच्या पोराला जे मिळत नव्हते ते चाळीस वर्षांच्या माणसाला ऐंशी वर्षांपूर्वीच मिळाले होते. नववीचा वर्ग म्हणजे शिक्षणहक्क कायद्याचेही छत्र संपलेले. मी तास-दीड तास भांडलो आणि दाखला थांबविला.

बाहेर आलो तर फाटकाशी शाळेचा शिपाई उभा होता. तो हळूच म्हणाला, "दादा, पोराचं दप्तर बघा." दप्तरात बापाचा हूक निघाला, पोती उचलण्याचा. आठ दिवसांपासून पोरगा तो घेऊन येत होता. शिपायाला ठाऊक होते. ती दोन मुले रोज त्याच्या सायकलची हवा सोडतात, त्याला "पोत्या" म्हणून हाका मारतात, एकदा त्याचा डबा हौदात टाकला, हेही त्याला ठाऊक होते. मी चिडून विचारले, "मामा, मग आधी का नाही सांगितलं?" तो म्हणाला, "मी रोजंदारीवर. मला कोण विचारतं? आणि सांगितलं असतं तर पोराला काढलंच असतं की." याचे उत्तर त्या दिवशी मजजवळ नव्हते. सांगितल्याने शिक्षाच होणार असेल तर चांगला माणूस गप्पच बसतो; आणि साताऱ्याच्या त्या नळापाशीही सगळे काही एका शिपायावरच येऊन ठेपले होते.

हूक मी काढून घेतला. दाखला थांबला होता, बाप माझ्या पाया पडत होता, आणि मी खूश होतो. माझी चूक येथे झाली. युनियनचा माणूस म्हणून मी तंटा जिंकला, फाईल बंद केली आणि तोलाईच्या संपात गुंतलो. त्या दोन मुलांशी कोणी बोलले नाही. या मुलाशीही कोणी बोलले नाही, मी सुद्धा नाही. दिवाळीनंतर बाप सहज म्हणाला की पोरगा मामाबरोबर ऊसतोडीला गेला. सेनगाव, औंढा, कळमनुरी या भागांतून दर हिवाळ्यात कितीतरी बिऱ्हाडे कारखान्यांवर जातात. त्यांची मुले मागे राहून शिकावीत म्हणून शासनाने हंगामी वसतिगृहे काढली, आणि मी स्वतः त्यांसाठी अर्ज लिहून दिलेले आहेत. पण हा मुलगा बापामागे गेला नव्हता. त्याचा बाप येथेच होता. तो शाळेपासून दूर गेला होता. कोणाचे डोके फुटले नाही, म्हणून शाळेच्या दप्तरी ती घटना घडलीच नाही. पटावरचा एक आकडा तेवढा कमी झाला.

तेव्हापासून आमच्या सभासदांची मुले ज्या शाळांत आहेत तेथे मी जूनमध्ये एक फेरी मारतो. पहिली भेट मुख्याध्यापकांची नसते. शिपाई, खिचडी शिजविणारी ताई, ऑटोवाला यांना भेटतो आणि विचारतो की कोणते पोर डबा एकटे खाते. मग कचेरीत जातो आणि तक्रारपेटी कोठे आहे ते पाहतो. एका शाळेत ती मुख्याध्यापकांच्या खुर्चीच्या मागेच टांगलेली होती. तेथे चिठ्ठी टाकणारा मुलगा शूर म्हटला पाहिजे. गेल्या वर्षी दुसऱ्या एका शाळेत पेटी जिन्याखाली होती, जागा चांगली, पण किल्ली कोणाकडे ते कोणाला सांगता येईना. शेवटी ती एका शिक्षिकाबाईंच्या टेबलाच्या खणात सापडली. पेटीत तीन चिठ्ठ्या होत्या. एक पंख्याविषयी होती, एक खिचडीतील खड्यांविषयी. तिसऱ्या चिठ्ठीवर आठवीतील एका मुलाचे नाव, आणि खाली एवढेच: "याच्याशी कोणीतरी बोला." तारीख नव्हती. बाईंनी ती दोनदा वाचली, घड्याळ पाहिले, आणि तास सुटण्याची वाट न पाहता वर्गाकडे निघाल्या.